नागपूरजवळ पाहण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणते?

"नागपूरच्या आसपास पाहण्यासारखे आहे तरी काय?" हा प्रश्न नागपूरकर इतक्या सहज विचारतो की त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे आधीच ठरलेले असते. पाहुणे आले की दीक्षाभूमी, फुटाळा, फार तर रामटेक. हाताशी गाडी आणि खिशात पैसे असतील तर पेंचला वाघ. त्यापुढे एकदम चिखलदरा नाहीतर पचमढी. मधला मुलूख म्हणजे नुसता रस्ता, चहा प्यायला थांबण्यापुरता. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'एका दिवसाची सहल' म्हणून दर पावसाळ्यात जी यादी येते, तीही वर्षानुवर्षे हीच आहे.

या यादीशी मला भांडायचे आहे. पण त्याआधी आपल्या, म्हणजे नागपूरच्या मुसलमानांच्या, यादीशी भांडायचे आहे. कारण ती हिच्याहून आखूड आहे.

आपली यादी काय? बडा ताजबाग. उरूस असेल तर वाकी शरीफ. कुणी नवस बोलले असेल तर गिरड. नातेवाईक कामठीला, अमरावतीला, बालाघाटला असतील तर तिकडे लग्नाला. ऐपत झाली की अजमेर. आणि ज्या घरांत दर्ग्याला जाणे बिदअत मानतात, त्या घरांच्या यादीतून ताजबागही गेले आणि त्याच्या जागी आला मॉल. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायला दिला की मुले मोहल्ला लिहितात. गल्ली, मशीद, किराणा दुकान, नाला. शहर त्यांच्या निबंधात येत नाही, कारण ते त्यांच्या डोळ्यांत आलेलेच नाही. मग आम्ही शिक्षक म्हणतो की या मुलांचे मराठी कच्चे आहे. भाषा कच्ची आहेच. पण ज्याने तलाव, टेकडी, गढी, शिलालेख यांतले काही पाहिलेच नाही, त्याला त्यांच्यासाठी शब्द कुठून सुचणार?

आणि शाळेची सहल? ती जाते वॉटर पार्कला. फक्त आमच्याच नव्हे, शहरातल्या निम्म्या शाळांची जाते, माध्यम कुठलेही असो. पैसे घ्यायचे, बस ठरवायची, सकाळी सोडायचे, संध्याकाळी आणायचे. शिक्षकांना शिकवण्याचा त्रास नाही, पालकांना प्रश्न नाही. मुलगे पाण्यात उड्या मारतात. मोठ्या वर्गातल्या मुलींपैकी बहुतेकींना घरून पाण्यात उतरायची परवानगी नसते. त्या दिवसभर बाकावर बसून भावाबहिणींच्या पिशव्या राखतात, वेफर्स खातात आणि परत येतात. वर्षातून एकदा घराबाहेर पडायची संधी मिळालेल्या मुलीला आपण पिशव्या राखायला नेतो, आणि त्याला शैक्षणिक सहल म्हणतो. याचा राग कुणाला येत नाही, याचा मला राग येतो.

आता पाहण्यासारखे काय आहे ते सांगते. लांब जायला नको. महालपासूनच सुरुवात करू.

महालात गोंड राजाचा किल्ला आहे. चहूबाजूंनी वस्ती इतकी दाटली आहे की शेजारून रोज जाणाऱ्यालाही तो किल्ला आहे हे सांगावे लागते. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडच्या डोंगरातून इथे आणली, शहराला तट बांधला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव. त्यालाच शुक्रवारी तलाव म्हणतात आणि आता कागदोपत्री गांधीसागर. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट आहे. एका तलावाला तीन नावे: एक उर्दूतले, एक मराठीतले, एक देशाच्या इतिहासातले. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी अशी वारांच्या बाजारांवरून नावे मिरवणाऱ्या या शहरात मुलांना नामे शिकवायला पुस्तक कशाला हवे? तलावाच्या काठावर उभे करा आणि विचारा, जुम्मा म्हणजे काय, शुक्रवार म्हणजे काय. एका वाक्यात दोन भाषा आणि तीनशे वर्षे होतात.

चांद सुलतानच्या मृत्यूनंतर गादीसाठी भांडण झाले. राणी रतनकुंवरने आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले भोसले १७४३ च्या सुमारास सत्ताधीश झाले, पण गोंड राजाला त्यांनी हाकलून दिले नाही. त्याला नामधारी राजा म्हणून मानाने याच किल्ल्यात ठेवले. शहराच्या पोटात दोन राजवाडे, एक गोंडांचा आणि एक भोसल्यांचा, चालत जाण्याच्या अंतरावर. हे पाहायला ना बस लागते, ना तिकीट.

आणि तरी माझ्या वर्गात नागपूर कुणी वसवले याचे उत्तर देणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात. सिव्हिल लाइन्समधला बख्त बुलंद शाहचा पुतळा बसच्या खिडकीतून त्यांनी पाहिलेला असतो. तो कुणाचा, हे माहीत नसते.

बख्त बुलंदच्या नावाची गोष्ट तर उर्दूच्या शिक्षकाने वर्गात सांगितलीच पाहिजे. गादीच्या वादात मदत मिळावी म्हणून तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद हा किताब त्याला मिळाला, असे गॅझेटियर सांगते. बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. पुढे बादशहा दख्खनेत गुंतलेला पाहून याच बख्त बुलंदने मोगलांच्या मुलखात लूट सुरू केली. तेव्हा चिडलेल्या औरंगजेबाने फर्मान काढले की याला यापुढे बख्त बुलंद म्हणू नका, 'निगूं बख्त' म्हणा. निगूं म्हणजे उलटे, खाली तोंड केलेले. ज्याने नाव दिले त्यानेच ते उलटे केले, कारण नाव घेणारा त्याच्याविरुद्ध उभा राहिला. शहराने मात्र बादशहाचे ऐकले नाही. आजही तो बख्त बुलंदच आहे.

१७ मार्च २०२५ ला याच महालात काय झाले ते आपल्या सर्वांना आठवते. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा या मागणीचे आंदोलन, अफवा, दगडफेक, जळलेल्या गाड्या, संचारबंदी. एका माणसाचा जीव गेला. त्या दिवसांत 'औरंगजेबाची औलाद' हे शब्द आपल्या मुलांनी मोबाइलवर किती वेळा ऐकले असतील याचा हिशेब नाही. शिवी देणाऱ्याला ठाऊक नव्हते की ज्या शहरात उभे राहून आपण ओरडतो आहोत, ते वसवणारा राजा मुसलमान गोंड होता आणि औरंगजेबाशी भांडला होता. ते समजू शकते; द्वेषाला अभ्यास परवडत नाही. पण शिवी खाणाऱ्या मुलालाही ते ठाऊक नव्हते. हे मला समजून घेता येत नाही, कारण त्या मुलाला शिकवायचे काम आपले होते.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या काही मंडळींना बख्त बुलंदचा शोध लागला आहे आणि भाषणांत ते त्याचे नाव घेतात: 'हे शहर आमच्या राजाने वसवले.' मला हा सूर मान्य नाही. तो गोंड होता. गोंड समाज त्याला आपला राजा मानतो आणि तो हक्क पहिला त्यांचा आहे. त्याच्या घराण्याने इस्लाम पाळला आणि सोयरिकी गोंडांतच केल्या. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की बख्त बुलंदने चारी दिशांनी कष्टकरी लोक बोलावून गोंडवनात वसवले, गावे उभी केली, आणि हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे कामावर ठेवली. अशा माणसाला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून कोर्टात उभे करणे म्हणजे त्याने जे केले त्याच्या नेमके उलट करणे आहे. नागपुरात राहण्यासाठी मला कुठल्या राजाचा दाखला लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनाही लागत नाही. गोंड किल्ला त्यांनी पाहावा तो पुरावा गोळा करायला नव्हे. आपण ज्या घरात राहतो त्याचे दार कुठे आहे, एवढे माणसाला माहीत असावे म्हणून.

म्हणूनच यादी बख्त बुलंदवर थांबता कामा नये. तिथे थांबलो तर पुन्हा 'आपले' तेवढेच पाहिले असे होईल.

काटोल रोडने दहा-बारा किलोमीटर गेले की जुनापाणी. तिथे माळावर दगडांची वर्तुळे आहेत, सुमारे तीनशे. बृहत्पाषाणयुगातल्या माणसांनी आपले मृत पुरून त्यांच्याभोवती मांडलेले धोंडे. लोखंड वापरणारे, घोडे बाळगणारे हे लोक. काही धोंड्यांवर त्यांनी वाटीसारखे खळगे कोरले आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे उत्खनन केले, १९६० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याने केले, आणि अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी त्या खळग्यांच्या दिशा आकाशातल्या ताऱ्यांशी जुळवून पाहिल्या. हे ठिकाण एका पालकाला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पत्थर ही तो हैं, बच्चे क्या देखेंगे?" मी म्हटले, कबरी आहेत. तेव्हा ते गप्प झाले. कब्रस्तान म्हणजे काय हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. मातीत गेलेल्या माणसाची खूण ठेवावी असे या भूमीवर आपल्याआधी दोन-अडीच हजार वर्षे कुणाला तरी वाटले होते. ते कोण होते, कुठला देव मानत होते, कुणाला माहीत नाही. त्यांच्यावरून भांडणारा कुणी नाही, म्हणूनच बहुधा तिकडे कुणी फिरकतही नाही.

जबलपूर रस्त्याला लागलो की मनसर, रामटेक आणि नगरधन ही तीन ठिकाणे एका दिवसात होतात. रामटेक सगळ्यांना माहीत आहे. पण रामटेकला जाणारे किती लोक खाली नगरधनला उतरतात? नगरधन म्हणजे जुने नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. सोळाशे वर्षांपूर्वी इथून एक बाई राज्य चालवत होती. प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची बायको. नवरा वारल्यावर लहान मुलाच्या वतीने तिने कारभार केला, स्वतःच्या नावाने दानपत्रे दिली. 'पुण्याचे ताम्रपट' म्हणून जे प्रसिद्ध आहेत, तेही नंदिवर्धनहून निघालेले तिचेच आहेत. गेल्या दशकात नगरधनला उत्खनन झाले तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी रझिया सुलतान शिकवते, चांदबीबी शिकवते. दिल्ली आणि अहमदनगर. चाळीस किलोमीटरवरची प्रभावती त्यांना कोण दाखवणार?

मनसरला हिडिंबा टेकडीवर १९९७-९८ पासून काही वर्षे उत्खनन चालले आणि विटांचे प्रचंड बांधकाम बाहेर आले. ते प्रवरसेनाने बांधलेले शिवमंदिर, की बौद्ध विहार, यावर विद्वानांत आणि समाजांत अजून वाद आहे. वाद आहे म्हणून जाऊ नये असे काहींना वाटते. मला वाटते, म्हणूनच जावे. एकाच विटेकडे पाहून दोन माणसे दोन गोष्टी सांगतात आणि दोघांना पुरावे द्यावे लागतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले तर व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक 'इतिहास' ती पुढे ढकलणार नाहीत. याच मनसरला सापडलेली शिवाची एक बुटकी, गुबगुबीत, हसरी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या अंगणातली वस्तू पाहायला आपण दिल्लीला जायचे, आणि अंगण ओसाड.

आता तो प्रश्न येतो जो दर वेळी येतो. "मंदिरात न्यायचे का आमच्या मुलांना? ईमानाचे काय?"

मी कुणाला आरतीला उभे करत नाही. रामटेकच्या टेकडीवरच्या केवल नृसिंह मंदिरात पाचव्या शतकातला शिलालेख आहे. तो वाचणे म्हणजे पूजा नव्हे. ज्याला गाभाऱ्यापाशी जायचे नाही त्याने जाऊ नये. बाहेरच्या दगडात, कमानीत, तटबंदीत, खालच्या अंबाळा तलावात दिवसभर पुरेल एवढे आहे. जमिनीवर फिरा आणि तुमच्याआधी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहा, अशा अर्थाचे आवाहन कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा आले आहे. ते आवाहन ऐकून घरात बसणाऱ्यांनी ईमानाची काळजी करावी, फिरणाऱ्यांनी नव्हे. अल-बिरुनी हजार वर्षांपूर्वी या देशात आला, संस्कृत शिकला, पतंजलीचा ग्रंथ अरबीत नेला आणि हिंदूंच्या श्रद्धांवर इतके तटस्थपणे लिहिले की आजही जगभरचे अभ्यासक ते वाचतात. त्याचे ईमान कुठे गेले नाही. आपल्या मुलांचे ईमान एका शिलालेखाने विरघळत असेल, तर दोष शिलालेखात नाही. आपण त्यांना काय शिकवले ते तपासावे लागेल.

वर्ध्याच्या वाटेवर पवनार आहे. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. तिथे खोदकाम करताना वाकाटककाळातली भरत-राम भेटीची शिल्पे सापडली. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी पवनारलाच वाकाटकांचे प्रवरपूर मानत. ते झालेच, पण मी मुलांना तिथे वेगळ्या कारणासाठी नेईन. विनोबांनी अरबी शिकून मूळ कुरआन अभ्यासले आणि त्याचे सार काढून पुस्तक केले. एक गीता सांगणारा माणूस म्हातारपणाकडे झुकत असताना दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या भाषेत वाचायला बसतो, या गोष्टीची आज किती गरज आहे हे मी सांगायला नको. पलीकडे सेवाग्राम आहेच. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे, जिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने मौर्य-सातवाहनकाळातले स्तूप उजेडात आणले. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला जे घडले त्याच्या मागे दोन हजार वर्षांची जमीन आहे, हे पवनीत कळते. तुमसरजवळ अंबागड आहे. बख्त बुलंदचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधलेला डोंगरी किल्ला. भोसल्यांच्या काळात त्याचा कैदखाना झाला. विदर्भात किल्ले नाहीत असे म्हणणाऱ्यांना तिथे एकदा चढवावे.

आता दुसऱ्या बाजूच्या वाचकांशी दोन शब्द. या ब्लॉगवर तुम्हीही येता, म्हणून हक्काने बोलते.

तुमच्या यादीत ताजबाग का नसते? असते तेव्हा 'श्रद्धास्थान' म्हणून एका ओळीत असते. ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. फौजेत नोकरी केली, मग फकिरी. लोकांनी वेडा ठरवले आणि १८९२ पासून सोळा वर्षे ते नागपूरच्या पागलखान्यात होते. तिथून १९०८ मध्ये त्यांना सोडवून आणले ते राजे रघुजीराव भोसले यांनी, आणि आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवले. सरकारने वेडा ठरवलेल्या मुसलमान फकिराला मराठा राजा घरी आणतो, आणि १९२५ मध्ये तो वारल्यावर त्याच्या कबरीवर हिंदू, मुसलमान, पारशी, शीख सगळे येतात. हा नागपूरचा इतिहास नाही का? उमरेडच्या पुढे गिरडची टेकडी आहे, शेख फरीदांचा दर्गा. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला अशी गोष्ट आहे, आणि ते सुपारी-नारळासारखे गोल दगड आजही टेकडीवर सापडतात. भूगर्भशास्त्र सांगते की ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत. मुलांना दोन्ही सांगावे. गोष्ट कशी जन्मते आणि खडक कसा जन्मतो, दोन्ही एका टेकडीवर शिकता येते. गिरडला आजूबाजूच्या गावांतला हिंदू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जातो. शहरातला सुशिक्षित मात्र ते 'त्यांचे' म्हणून सोडून देतो. आम्ही रामटेक 'तुमचे' म्हणून सोडतो, तुम्ही गिरड 'आमचे' म्हणून सोडता, पवनी दोघेही 'बौद्धांचे' म्हणून सोडतो, अंबागड आणि जुनापाणी कुणाचेच नाही म्हणून सगळेच सोडतो. मग म्हणतो, नागपूरजवळ काही नाही.

भीतीबद्दल बोलले नाही तर हे लिहिणे खोटे ठरेल. बुरखा घातलेल्या चाळीस मुली एखाद्या मंदिराच्या टेकडीवर चढल्या की लोक वळून बघतात. कधी कुणी विचारते, "इथे कशाला?" पालकांना ही भीती आहे आणि ती उगाच नाही. २०२५ नंतर तर ती अधिक आहे. पण या भीतीवर 'घरी बसा' हे औषध गेली तीस वर्षे आपण घेतो आहोत आणि आजार वाढतोच आहे. न दिसणाऱ्या माणसाबद्दलच लोक वाटेल ते मानतात. वहीपेन घेऊन शिलालेखापुढे उभी असलेली मुलगी दिसली की विचारणाऱ्याच्या प्रश्नाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. नगरधनच्या वाटेवर एका शेतकरी बाईने आमच्या मुलींना विहिरीचे पाणी पाजले आणि विचारले, "तुमच्या शाळेत मराठी शिकवतात होय?" त्या दिवशी सगळ्यांत लाजाळू मुलीने उत्तर दिले, मराठीत. माझ्या तासाला तिने तोवर तोंड उघडले नव्हते.

खर्चाचे म्हणाल तर शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट तसेही अर्धे आहे, म्हणजे आयांनाही सोबत नेता येते, आणि मुलींना पाठवण्याची निम्मी अडचण तिथेच संपते. जुनापाणी, नगरधनचा किल्ला, गिरडची टेकडी यांना वॉटर पार्कच्या प्रवेशासारखे पैसे पडत नाहीत. डबा घरचा. शुक्रवार सोडून शनिवार-रविवार ठेवा, जोहरच्या नमाजची जागा आधी पाहून ठेवा, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतः जाऊन बघावे. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी.

उर्दू शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना माझा आग्रह एवढाच आहे. या हिवाळ्यात वॉटर पार्कची फाइल बाजूला ठेवा. पाचवी-सहावीला शहरातच पायी फिरवा: गोंड किल्ला, जुम्मा तलाव, गांधी गेट, सक्करदरा. सातवीला जुनापाणी. आठवीला मनसर-रामटेक-नगरधन. नववीला गिरड किंवा पवनार-सेवाग्राम. दहावीचे वर्ष अभ्यासाचे म्हणतात, तरी एक रविवार पवनीसाठी काढता येतो. दहावीपर्यंत मूल आपला मुलूख पाहून बाहेर पडेल. आणि जमले तर शेजारच्या मराठी शाळेला विचारा, दोन बस बरोबर जाऊ या का. पहिल्या वर्षी ते नाही म्हणतील. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारा.

पालकांनाही एक विनंती. शाळेने संमतीपत्र पाठवले की 'मुलगी आहे, राहू दे' असे लिहून परत पाठवू नका. ती वर्षभर घर आणि शाळा एवढेच पाहते. तिला एक दिवस टेकडीवर चढू द्या. परत आल्यावर तिला विचारा, काय पाहिलेस? आणि ती सांगेल ते मराठीत असो की उर्दूत, शेवटपर्यंत ऐका.